इवायाच्या मुंग्या

“पाहुणा पहिल्या दिवशी सोन्याचा, दुसऱ्या दिवशी चांदीचा, तिसऱ्या दिवशी लोखंडाचा. आपल्या इवायाले त आता जंग चढला, जंग! तरी जागचा हालत नाई.”

शकुबाईने हे सुपातल्या तांदळाला सांगितलं, पण आवाज असा लावला की तो थेट ओसरीपर्यंत जावा. सून चंदा चुलीपाशी खाली मान घालून गुळाची भेली फोडत होती. बोलणं तिच्या बापाबद्दल होतं, अन् गूळही त्याच्याचसाठी होता.

ओसरीवर गुणवंतराव बसले होते. चंदाचे वडील, शकुबाईच्या लेकाचे, लटारूचे सासरे, म्हणजे शकुबाईचे इवाई. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला फेटा आणि मांडीवर ठेवल्यासारखं पोट. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. पण मालगुजाराकडे, गावच्या जमीनदाराकडे, वीस वर्षं दिवाणजी म्हणून काढलेली. ऐकलेलं न ऐकणं हीच त्यांची विद्या. मालगुजारी गेली, कोट अन् विद्या राहिली.

“चंदा, बाई, चहा झाला का? गूळ जरा हात सोडून टाकजो.”

“ऐकलं?” शकुबाई सुपाला म्हणाली. “हात सोडून! पोळ्याले आले. बैल धुतले, पुजले, कामाले लागले. गनपती बसला, उठला, पान्यात गेला. आता पितरं आले. माय, पितरांचं बी एका दिवसात भागते! कावळा येते, घास उचलते, चालला जाते. आपला कावळा काही उडत नाई.”

बाप मुलीकडे इतके दिवस राहतो कसा, तर त्याला रीतच कारण झाली होती. पोरीला लेकरू झाल्याशिवाय बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये. लग्नाला सहा वर्षं झाली, गुणवंतराव वेशीवरूनच ‘बरी हायस का?’ विचारून परत जायचे. औंदा वैशाखात चंदाला मुलगी झाली, रीत सुटली, अन् सहा वर्षांचं तुंबलेलं पाणी आल्यासारखे गुणवंतराव आले.

तेही शकुबाईने सोसलं असतं. तोंडाने फटकळ होती, पण तिच्या दारातून कुणी उपाशी गेला नव्हता. गोष्ट बिघडली ती तिच्या नवऱ्याच्या तिथीला.

त्या दिवशी पितराचं पान वाढून झाल्यावर शकुबाई शेतावर गेली. भाताची लोंबी बाहेर पडू लागली होती, बांधीतलं, भाताच्या खाचरातलं पाणी पायाला ऊबदार लागत होतं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तिचा बिजा उभा होता, बिवळ्याचं जुनं झाड. दोन माणसांच्या कवेत न मावणारा, पांढुरक्या सालीचा, पाऊस पिऊन टवटवीत झालेला. त्या बिज्याच्या कमरेला चुन्याचं पांढरं कडं ओढलेलं होतं, अन् गावचा आरेवाला, मोठ्या करवतीने झाडं कापणारा लच्छू दोरीने घेर मोजत होता.

“काय मोजून राह्यला रे? माही कमर मोजाची बाकी ठेवली का?”

लच्छूने दोरी टाकली. “मले काऊन बोलते, शकुबाई? लटारूभाऊनं सासऱ्याले देला हा बिजा. नव्या घराच्या चौकटी करतो म्हनते. दिवाळी झाली, जमीन सुकली का आरा लावाचा हाय.”

लटारू पलीकडच्या बांधीत तण काढत होता. आई येताना दिसली तसा तो आणखी वाकला. वाकून माणूस लपत नाही.

“ऊठ! सासऱ्याले बाप देला असता त मी काही म्हनलं नसतं, तो आधीच मेला हाय. बिजा काऊन देला?”

“माय, मामाजीनं मांगतला. मी हव म्हनलो.”

“हव म्हनलो! तू दात काढत होता तवा तीन दिवस हगवन लागली होती. आठवते? कसं आठवन! ह्याच झाडाचं रगत, ज्वारीच्या दान्याएवढं, ताकात उगाळून चाटवलं तुले. तुह्या बापाच्या पायात फाळ घुसला तवा जखमेवर काय दाबलं? हेच. गळू झालं का पाला, दात दुखला का डिंक, मोच आली का साल. चार गावचे लोक येते. अन् तू चौकटी करतो!”

“आता शब्द गेला ना, माय. अन् मांगतलं बी कवा? बाचं पान वाढून होतं तवा.”

शकुबाईने कमरेवरचे हात खाली सोडले. तिच्या घरात रीत होती, तिच्या सासूने लावून दिलेली: पितराचं पान वाढलेलं असताना कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. काय ठाऊक, मागणाऱ्याच्या तोंडून कोण मागतंय. गुणवंतरावांना ही रीत चंदाकडून कळली असणार. वेळ साधली होती दिवाणजीने.

दिलेलं परत घेता येत नव्हतं. घेणाऱ्यानेच परत केलं तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेणाची पाटी घेऊन शकुबाई गोठ्यामागे गेली. उकिरड्याच्या अलीकडे, बोरीच्या बुडाशी ती थबकली. मुंग्यांची रांग. एक नाही, तीन. तिन्ही तीन दिशांनी येऊन एकाच ओल्या जागेवर भिडलेल्या, जणू तिथे कुणी लाडू फोडला. शकुबाई वाकली, पाहिलं, आठवलं. गुणवंतराव रातून सहा वेळा उठतात, कवाड करकरतं. घागर उशाशी लागते. एवढं खाऊन मानेची हाडं मात्र वर आली आहेत.

पाटी तिथेच टाकून ती ओसरीवर आली.

“इवाईबुवा, तुमच्या मुताले मुंग्या लागून राह्यल्या.”

गुणवंतरावांनी बशी खाली ठेवली. “इहीनबाई! काही लाज? माह्या मुतावर पहारा ठेवता का?”

“पहारा मुंग्यायनं ठेवला जी. मी नुसतं पाह्यलं. पाय जळते का रातचे?”

गुणवंतरावांनी पाय धोतराखाली ओढून घेतले.

“तहान लागते. चार पावलं चाललं का दम लागते. घरी तुमच्या बायकोनं, माह्या इहीनबाईनं गुळाच्या मडक्याले कुलूप लावलं असन. खरं का खोटं?”

दिवाणजीचा फेटा हळूच खाली झुकला. चंदा दारात उभी होती, तिच्याकडे न पाहता ते म्हणाले, “नागपूरच्या डाक्तरनं सांगतलं. गोड बंद, भात कमी, चालत जा. पोरायच्या मायनं त घरातल्या मुंग्याइले बी साखर ठेवली नाई. मले वाटलं, लेकीकडे चार दिवस तरी...”

“असं! म्हनजे नातीसाठी नाई, भेलीसाठी आले तुम्ही.”

चंदा पदराने डोळे पुसू लागली. शकुबाईला राग यायला हवा होता. आलाही. पण म्हाताऱ्याचं ते वाकलेलं मुंडकं पाहून तो अर्ध्या वाटेतच थांबला, अन् त्याच्या जागी एक अक्कल आली.

“ऐका. माह्या सासऱ्याले हेच झालं होतं. त्यानं बिज्याच्या गाभ्याच्या गडूत पानी ठेवलं, रोज सकाळी पेलं, पथ्य पाळलं, अन् मंग आनखी अठरा पावसाळे धान रोवला. चाळीस दिवस तुम्ही माह्या म्हनन्यानं राहा. चाळिसाव्या दिवशी सकाळी मुंग्या आल्या, त मी आपल्या हातानं आऱ्याले कुंकू लावीन. झाड तुमचं. नाई आल्या, त झाड तुम्ही आपल्या तोंडानं परत कराचं.”

“चाळीस दिवस म्हनजे... दिवाळीच्या पाडव्याले, गायगोधनाच्या दिवशी सकाळी,” गुणवंतरावांनी बोटं मोजली. दिवाणजीला सौदा कळत होता. हरायला काहीच नव्हतं. “हव. मंजूर.”

चुलीपाशी आल्यावर शकुबाईने कपाळाला हात लावला. पाहुणा जावा म्हणून जिने देव पाण्यात ठेवले, तिनेच पाहुणा चाळीस दिवस बांधून ठेवला होता.

लाकडी गडू करायला कोलू आला. कोलू पलीकडच्या टोल्यावरचा, त्या लहान वस्तीतला म्हातारा गोंड, हातात लाकूड तासायचा वाकस अन् पटाशी, तोंडात शब्द कमी. चार वर्षांमागच्या वादळात ह्याच बिज्याची एक फांदी आपोआप पडली होती, ती त्याने छपरात खोचून ठेवली होती. जितं झाड तोडून गडू करत नाहीत. बाहेरचं पांढरं लाकूड त्याने तासून टाकलं, आतला लाल-पिवळा गाभा ठेवला अन् दोन दिवसांत पावशेर पाण्याचा गडू कोरून दिला.

“सांजच्याले पानी भरा, सकाळी प्या. एवढंच,” कोलू म्हणाला.

“एवढंच नाई,” शकुबाई मध्ये पडली. “पानी बिज्याजवळच्या विहिरीचं पाह्यजे. अन् ज्याले रोग, त्यानंच आनलं पाह्यजे. पायी. सकाळी एक गडू, सांजेले एक गडू.”

विहीर अर्ध्या कोसावर होती. कोलूने भुवया वर केल्या. “असा नेम आम्ही नाई ऐकला, बाई.”

“तुमच्या टोल्यावर नसन. आमच्याकडे हाय.”

कोलू हसला अन् वाकस खांद्यावर टाकून निघून गेला.

मग सुरू झालं दिवाणजीचं पथ्य. भाताच्या जागी कोदोची, म्हणजे कोद्र्याची भाकर. लाखोळीची डाळ, कारलं, काटवल. चहा नावापुरता काळा. गुळाची भेली शकुबाईने पेटीत घातली अन् किल्ली कंबरेला लावली. गुणवंतराव सकाळ-संध्याकाळ चिखल तुडवत विहिरीवर जायचे, कोटाची शेवटची गुंडी लावून, जणू कचेरीत निघाले. वाटेत लोक विचारायचे, “दिवानजी, कुठी?” ते म्हणायचे, “इहीनबाईच्या कोर्टात तारीख हाय.”

अन् रोज सकाळी शकुबाई गोठ्यामागे निकाल पाहायला. मुंग्या होत्या. दुसऱ्या दिवशी होत्या, पाचव्या दिवशी होत्या, नवव्या दिवशीही होत्या.

“इहीनबाई,” नवव्या दिवशी गुणवंतराव खुशीत म्हणाले, “सागापेक्षा बिज्याची चौकट बरी म्हनते. वाळवी लागत नाई.”

शकुबाईने पदर खोचला. तिने गडू उचलला अन् उन्हात धरला. बिज्याचं पाणी सावलीत काळ्या चहासारखं दिसावं, अन् ऊन लागलं की कडेने मोराच्या मानेसारखी निळी झाक मारावी. हे पाणी विहिरीतून आलं तसंच होतं, पांढरं फटक. तिने आत बोट फिरवलं. बोट बुळबुळीत झालं. वास घेतला.

“चंदा! गडूले काय लावलं?”

“जवसाचं तेल, मामीजी,” चंदा घाबरत म्हणाली. “नवं लाकूड तडकते ना. आमच्या घरी काठवटीले, पाटाले, साऱ्याइले तेल पाजते. म्या रोज सकाळी घासून तेल देलं. बाबाचा गडू, चांगला राह्यला पाह्यजे म्हून...”

तेल प्यालेलं लाकूड पाण्याला काय देणार? ओठ मिटून बसलं होतं. चांगल्या सुनेची चांगली सवय. शिव्या तरी कशा द्यायच्या? शकुबाईने दिल्या, पण हळू आवाजात. कोलूला बोलावलं. त्याने पटाशीने गडू आतून पुन्हा कोरला, तेव्हा लाल भुसा खाली पडला.

“नऊ दिवस फुकट गेले,” कोलू म्हणाला. “मुदत पुढे न्या.”

“बिलकूल नाई,” शकुबाई ताठ झाली. “चूक माह्या घरची हाय. शब्द चाळीसचा, चाळीसच राहीन.”

गुणवंतरावांनी हे ऐकलं. त्या दिवशी त्यांनी आपणहून भाकरीचा अर्धा तुकडा परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाण्याला रंग आला. तोंडात घेतल्यावर जीभ आखडली, दिवाणजीने असं तोंड केलं जणू पटवाऱ्याने नाव चुकीचं लिहिलं. पण प्याले. दसऱ्यापर्यंत मुंग्यांच्या तीन रांगांची एक झाली. उशाची घागर सकाळी भरलेलीच सापडू लागली. कवाड रात्री एकदाच करकरायचं. कोट सैल झाला होता, पण दम लागत नव्हता.

ह्या येण्याजाण्यात बिज्याखाली त्यांना बरंच काही दिसलं. एका सकाळी टोल्यावरची बुधरी आली, गाल सुजलेला. तिने झाडाच्या बुंध्याशी तांदळाचे चार दाणे ठेवले, झाडाला हात लावून काहीतरी पुटपुटली अन् कोयत्याने सालीला एक बारीकशी चीर दिली. चिरेतून लालभडक थेंब आला, दुसरा आला. तिने पळसाच्या पानावर सात थेंब धरले अन् चिरेवर माती दाबून बंद केली.

“एवढं मोठं झाड, अन् सातच थेंब?” गुणवंतरावांनी विचारलं.

“दात एकच हाय ना, बाबा,” बुधरी म्हणाली, अन् मग चुन्याच्या कड्याकडे बोट दाखवलं. “हे कोनं केलं? बांधून ठेवलं का ह्याले?”

गुणवंतराव गडू घेऊन विहिरीकडे वळले. 

दिवाळी आली. घरोघर अनारसे, करंज्या. कुणी म्हणे आता आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. शकुबाई म्हणाली, “जाऊ दे, धान त इथीच कापाचा हाय.” लक्ष्मीपूजनाला ताट समोर आलं. गुणवंतरावांनी अनारसा उचलला, वास घेतला, अन् नातीच्या इवल्याशा मुठीत ठेवला. शकुबाईने चुलीआडून पाहिलं, पण मानली नाही. अनारसा हातावरून परत जातो, घशातून गेलेला कोण पाहतो? खरं काय ते मुंग्या सांगतील.

गायगोधनाची सकाळ उजाडली. गाईबैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात झेंडूच्या माळा. चाळिसाव्या दिवसाची गोष्ट गावभर झाली होती, त्यामुळे गुरं पाहायला कमी अन् गोठ्यामागे बोरीच्या बुडाशी जास्त माणसं जमली. लच्छू आरा घेऊनच आला होता. सणाला आरा चालवत नाहीत, पण कुंकू लावायचं ठरलं तर हवा ना! कोलू, बुधरी, शेजारपाजारचे सगळे.

शकुबाई पुढे झाली, वाकली, अन् तशीच राहिली.

मुंग्या होत्या.

चांगली जाड, काळी रांग बोरीच्या मुळातून निघून ओल्या जागेकडे चालली होती. कुणी चक्‌ केलं. लटारूने डोळे मिटले. चंदा भिंतीला टेकली. शकुबाई सरळ उभी राहिली. 

“लटारू, कुंकवाची वाटी आन. शब्द म्हनजे शब्द.”

लटारू हलेना. तीच वळली.

“थांबा, इहीनबाई.”

गुणवंतरावांनी धोतर सावरलं अन् कोटासकट ते चक्क उकिडवे बसले. दीड महिन्यापूर्वी असे बसते तर दोघांनी उठवावं लागलं असतं. नाक जमिनीला लागेल एवढे वाकून ते मुंग्यांबरोबर सरकू लागले. ओल्या जागेपाशी आले. रांग तिथे थांबली नाही. तिच्या कडेने वळसा घालून पुढे गेली. गुणवंतराव पुढे, मुंग्या पुढे, अन् मागून सगळं गाव. गोठ्याचं कूड ओलांडून, खुंट्याला वळसा घालून, रांग चढली ती बैलाच्या गव्हाणीत. तिथे सकाळीच चंदाने सणाची गूळ घातलेली खिचडी बैलापुढे ठेवली होती. गव्हाणीत मुंग्यांचं लग्न लागलं होतं.

गुणवंतराव उठले. गुडघ्यावरचं शेण झटकलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. दिवाणजीने ठरवलं असतं तर मुंग्या दिसल्या एवढंच धरून झाड नेता आलं असतं. ठरावात तसंच होतं.

“ह्या मुंग्या माह्या नाईत,” ते मोठ्यानं म्हणाले. “बैलाच्या हायत.”

अन् एकदम जो हशा झाला, त्याने झेंडूच्या माळा घातलेल्या गाई बिचकून दावणीला ताणल्या. लच्छूने आरा खाली ठेवला. बुधरीने तोंडाला पदर लावला. कोलू म्हणाला, “बैलाले बी गडू करून देऊ का, बाई?”

गुणवंतरावांनी फेटा नीट केला. “इहीनबाई, झाड परत केलं. माह्या तोंडानं, साऱ्यायच्या समोर. चौकटी सागाच्या करीन. लच्छू, तो चुना पुसून टाक, बापा. पन एक विचारतो. रोग हटवला कोनं? झाडानं, का उपाशी ठेवून पायपीट करवनाऱ्या तुमच्या नेमानं?”

“झाडाले विचारा. मी त नुसती किल्ली सांभाळली,” शकुबाई म्हणाली.

“अन् विहिरीचं पानी रोग्यानंच आनाचं, हा नेम?”

“तो माहा होता. झाडानं ऐकलं असन, काही म्हनलं नाई.”

पुन्हा हशा. गुणवंतरावही हसले, अन् मग खाकरून, जरा अडखळत म्हणाले, “आनखी एक मांगनं हाय. गडू... मी घेऊन गेलो त चालन का? कोलूनं आनखी एक करून देला, पडलेल्या फांदीचा, त बरं होईन. माह्या गावात माह्यासारखे दोघं-तिघं हायत.”

आता सगळे शकुबाईकडे वळले. तिने कंबरेची किल्ली काढली, चंदाच्या हातात दिली. मग कमरेवर हात ठेवून तिने इवायाला फेट्यापासून जोड्यापर्यंत एकदा पाहून घेतलं, धान्य विकत घेताना पाहतात तसं.

“इवाईबुवा, पोळ्यापासून मी तुमच्या नावानं बोटं मोडली, आज सरळ करतो. तुम्ही खराब आदमी नाई. तुमची साखर नुसती जागा चुकली होती. जिभेवर पाह्यजे होती, ते भलतीकडेच उतरून राह्यली होती. आज जाग्यावर आली. गडू न्या, दोन न्या. नागपूरच्या डाक्तरले दाखवत जा, घरच्या इहीनबाईचं कुलूप तोडू नोका. अन् आता उद्या सकाळी बंडी जुंपतो, बापा, निघा एकदाचे!”